पालम आणि गोदेचा परिसर



हॉलंडमधील खेड्याचें वर्णन करूं लागलें कीं प्रथम बांधाचा उल्लेख येतो. त्या देशाची सुमारें चौथाई भूमि समुद्रसपाटीहून खालीं आहे. म्हणून पाणी बाहेर ठेवण्याची खटपट तेथें पिढ्यान् पिढ्या चालली आहे. ज्या गांवाविषयीं आज मला बोलावयाचें आहे, त्याची चिंता नेमकी उलट आहे. आलेलें पाणी राहावें कसें, ही त्याची विवंचना.

परभणी जिल्ह्याच्या आग्नेय भागांत, गंगाखेडहून लोह्याकडे जाणाऱ्या मार्गावर पालम हें तालुक्याचें ठाणें आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. १९५६ सालीं तो मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. पायाखालीं काळा पाषाण आणि त्याच्याच झिजेनें झालेली काळी माती. ही माती ओल धरून ठेवते, उन्हाळ्यांत भेगाळते, आणि चिखल झाला म्हणजे बैलाचा पाय व मोटारीचें चाक यांत भेद करीत नाहीं! ज्वारी, कापूस, तूर हीं येथील जुनीं पिकें. अलीकडे सोयाबीननें त्यांचा बराच वांटा बळकावला आहे.

तालुक्यांतून लेंडी व गळाटी या लहान नद्या वाहतात. लहान खऱ्या, परंतु लेंडीला पूर आला कीं पालमहून जांभूळबेटाकडे जाणारा रस्ता बंद पडतो. पलीकडच्या गांवांत कोणी बाळंतीण अडली, तरी पाणी ओसरेपर्यंत वाट पहाणें प्राप्त होतें. पुलाची उंची हा येथें केवळ इंजिनियरांचा प्रश्न नव्हे.

मोठी नदी अर्थात् गोदावरी. तिच्यावर वरच्या अंगास पैठणला १९७६ पासून जायकवाडीचें धरण आहे, खालीं नांदेडजवळ विष्णुपुरी, आणि मध्यें याच तालुक्यांत डिग्रसचा बंधारा. अवर्षणाच्या वर्षीं नांदेड शहराला पिण्यासाठीं डिग्रसचें पाणी खालीं सोडावें अशी मागणी होते, आणि कांठावरचा शेतकरी डोळ्यांदेखत ओसरणारें पात्र पहात बसतो. तहान पिकाच्या आधीं, हें तोहि जाणतो. किती सोडणार व केव्हां, एवढें त्याला वेळेवर कळावें, ही अपेक्षा मला तरी गैरवाजवी वाटत नाहीं.

याच पात्रांत जांभूळबेट आहे. जांभळीच्या दाट सावलीचें, मोरांच्या केकांनीं भरलेलें हें बेट तालुक्यांतील सर्वांत रम्य स्थळ होय. परंतु वेगवान् पाणी त्याचे कांठ सतत कोरतें. मुळें उघडीं पडतात, झाड कलतें, आणि झाडाबरोबर मातीचा ढिगारा नदींत जातो. दगडी पिचिंग व मुळांनीं माती बांधणारें गवत यांखेरीज त्याला दुसरा आधार नाहीं.

जांभळें पिकतात ज्येष्ठांत, आणि लेंडी भरते तीहि त्यानंतर लौकरच. ज्यांना बेट पहावयाचें असेल, त्यांनीं मृगाचा पाऊस जोर धरण्यापूर्वीं जाऊन यावें.