सर्व्हिस राहिलेली गाडी घेताना



दसरा किंवा पाडवा आला की शोरूमसमोर हार घातलेल्या नव्या मोटरसायकली उभ्या राहतात. त्यांच्या बदल्यात दिलेल्या जुन्या गाड्या पुढच्या काही दिवसांत बाजारात येतात. या गाड्या कोण घेतं? नुकतीच नोकरी लागलेला मुलगा, एमआयडीसीत पाळीला जाणारा कामगार, पहाटे डेअरीला दूध घालणारा शेतकरी, दिवसभर घरोघर पार्सल पोचवणारा तरुण. यांची रोजची मिळकत त्या गाडीच्या दोन चाकांवर अवलंबून असते. गाडी आठ दिवस गॅरेजला पडली तर आठ दिवसांची कमाई बुडते. म्हणून आज मी अशा एका जुन्या गाडीबद्दल बोलणार आहे, जिचे कागद बरे आहेत, रंग चांगला आहे, किंमतही परवडणारी आहे, पण जिची सर्व्हिस वेळेवर झालेली नाही.

अशा गाडीचं सर्व्हिस बुक उघडा. सुरुवातीच्या फ्री सर्व्हिसची कूपनं फाडलेली असतात, शिक्के मारलेले असतात. पुढची पानं कोरी. याचं कारण समजण्यासारखं आहे. फुकट सर्व्हिस संपली, गाडी तर किकला चालू होते आहे, आणि घरात शाळेची फी आहे, दवाखाना आहे, पेरणी आहे. मग सर्व्हिस पुढच्या महिन्यावर जाते, तिथून त्याच्या पुढच्या. विकणारा लबाड असतोच असं नाही. त्याचीही ओढाताणच झालेली असते.

जमीन घेताना आपण आधी सातबारा काढतो आणि इतर हक्काच्या रकान्यात बोजा आहे का ते पाहतो. गाडीच्या आरसीवरही कर्जाचा बोजा दिसतो. राहिलेल्या सर्व्हिसचा बोजा मात्र कुठल्याही कागदावर चढलेला नसतो. तो गाडीबरोबर गुपचूप नव्या मालकाकडे येतो, आणि फेडावा त्यालाच लागतो. अशी गाडी घेऊच नका, असं मी म्हणणार नाही. तिच्यातून चांगली गाडी नक्की मिळू शकते. माझं सांगणं एवढंच आहे, की हा बोजा किती आहे ते किंमत ठरवण्याआधी मोजा, आणि गाडी घरी आली की सगळ्यात आधी तोच फेडा.

सर्व्हिस राहिली म्हणजे आत नेमकं काय होतं? आपल्या १०० ते १५० सीसीच्या गाड्यांत इंजिन ऑइल एक लिटरच्या आसपास असतं. तेवढंच ऑइल पिस्टनला वंगण पुरवतं, तेच गिअरच्या दात्यांमध्ये फिरतं आणि क्लच प्लेटाही त्याच्यातच बुडालेल्या असतात. त्यात आपली बहुतेक इंजिनं हवेवर थंड होणारी, त्यामुळे उष्णता वाहून नेण्याचं कामही बरंचसं त्याच्यावरच पडतं. हजारो किलोमीटर गेले की ते काजळीनं काळं होतं, त्यात धातूचा बारीक चुरा मिसळतो आणि त्याचा वंगणपणा संपत जातो. शिवाय ते थोडं थोडं जळतही असतं. साध्या गाड्यांत बहुधा ऑइल कमी झाल्याचा दिवा नसतो, त्यामुळे पातळी घसरलेली कुणाला कळत नाही. इंजिनच्या अगदी वरच्या भागात, हेडमध्ये, कॅम आणि रॉकर असतात. तिथे ऑइल सगळ्यात शेवटी पोचतं, म्हणून त्याच्या कमतरतेचा मार बहुतेकदा आधी त्यांनाच बसतो आणि वरून टकटक ऐकू येऊ लागते. पुढे पिस्टनच्या रिंगा झिजतात आणि इंजिन ऑइल खायला लागतं. ऑइल बदलायला काही शे रुपये लागतात, बोअर-पिस्टनचं काम काही हजारांत जातं.

दुसरा घटक एअर फिल्टर. ऊस वाहतुकीच्या दिवसांतले धुळीचे रस्ते आठवा. फिल्टर चोंदला की इंजिनाला हवा पुरत नाही आणि पेट्रोल जास्त जळतं. फिल्टर फाटला किंवा नीट बसलेला नसला तर ती धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि रिंगा घासून काढते.

तिसरी गोष्ट टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हचं सेटिंग. टॅपेट वाजले की माणसं घाबरतात. पण थोडे वाजणारे टॅपेट निदान लक्षात तरी येतात. व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत झिजून खाली बसत गेला तर फट कमी होत जाते आणि आवाज उलट बंद होतो. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, तापलेला गॅस तिथून निसटतो आणि व्हॉल्व्ह जळतो. म्हणून फार दिवस सर्व्हिस न झालेलं इंजिन अगदी गप्प वाटलं, तरी तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका.

आता गाडी बघायला जाताना काय करायचं ते सांगतो. विकणाऱ्याला आदल्या दिवशी फोन करा, ‘काका, मी यायच्या आधी गाडी चालू करू नका.’ गेल्यावर इंजिनाला हात लावून पाहा, ते गार असलं पाहिजे. गरम इंजिन सहज चालू होतं आणि बरेच दोष झाकून जातात. गार इंजिन चालू करा, एक-दोन मिनिटं तसंच राहू द्या आणि सायलेन्सरकडे पाहा. थंडीच्या सकाळी क्षणभर पांढरी वाफ निघाली तर काळजी नाही. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. ॲक्सिलरेटर ओढताना निळा धूर येत राहिला तर संशय रिंगांवर घ्यावा. ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दिल्यावर एकदम भपकारा आला तर व्हॉल्व्हच्या सीलवर. रिंगांचं काम मोठं असतं, त्यासाठी इंजिन उघडावं लागतं.

मग गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करा, थोडा वेळ जाऊ द्या आणि ऑइलची पट्टी काढून पाहा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. काळ्या रंगाचं फार मनावर घेऊ नका, वापरलेलं ऑइल काळं होतंच. पण ते दुधाळ, चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. हे मी मुद्दाम सांगतो. २०१९च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१च्या जुलैमध्ये चिपळूणला महापूर आला, तेव्हा कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. पुरातून निघालेली गाडी धुऊन, रंगवून कुठल्याही जिल्ह्यात विकायला येऊ शकते. सीटखालच्या वायरिंगच्या सांध्यांत, हेडलाइटच्या आत, मीटरच्या काचेमागे गाळाचे डाग किंवा गंज दिसतोय का ते बघा.

मीटरच्या आकड्यावर एकदम विसंबू नका. रोज ३० किलोमीटर धरले तरी वर्षाला दहा-अकरा हजार होतात. सात वर्षांची रोज वापरातली गाडी २२ हजार दाखवत असेल, तर पायाखालचं रबर, ब्रेकचा पेडल आणि हँडलच्या ग्रिप पाहा. त्या झिजून गुळगुळीत झाल्या असतील तर मीटरपेक्षा त्यांच्यावर विश्वास ठेवा. आणि गाडी खरोखरच कमी चाललेली असली, तरी ती बरीच वर्षं नुसती उभी होती का तेही विचारा. उभ्या गाडीची बॅटरी मरते, टाकीला आतून गंज चढतो, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचा चिकट थर बसतो आणि टायर कडक होतात.

सर्व्हिस बुक कोरं आहे म्हणून सर्व्हिस झालीच नाही, असंही लगेच ठरवू नका. गावाकडे कितीतरी माणसं ओळखीच्या मिस्त्रीकडे जातात, तिथे बिल नसतं की शिक्का नसतो. म्हणून नेमके प्रश्न विचारा. शेवटचं ऑइल कधी बदललं? कुणाकडे? चेन सेट कधी टाकला? इंजिन कधी उघडलंय का? ज्याचं नाव निघेल त्या मिस्त्रीकडे जा. ‘दादा, ही गाडी तुमच्याकडेच यायची ना?’ एवढं विचारलं तरी बऱ्याच गोष्टी कळतात. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येही गाडीच्या नंबरवरून जुन्या नोंदी निघू शकतात. गाडीमालकाला सोबत घेऊन तिथे चौकशी करा.

इंजिनाकडे सगळ्यांचं लक्ष जातं. पण राहिलेल्या सर्व्हिसमधला खरा धोका ब्रेक आणि टायरमध्ये असतो, याचा मला आग्रहानं उल्लेख करायचा आहे. इंजिन बंद पडलं तर माणूस गाडी ढकलत घरी येतो. ब्रेक लागला नाही तर तो घरी येईल याची खात्री देता येत नाही. ड्रम ब्रेक पूर्ण दाबून ड्रमवरचा बाण बघा, तो शेवटच्या खुणेला टेकत असेल तर ब्रेक शू संपले आहेत. डिस्क ब्रेकचं ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. ते साधारण दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, आणि हीच गोष्ट सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. ते तपकिरी झालं असेल तर घाटात सतत ब्रेक लावल्यावर उकळून ब्रेक मऊ पडू शकतो. टायरच्या बाजूला चार आकडे छापलेले असतात. ‘२३१९’ असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनला. नक्षीच्या खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला, मग तो कितीही काळाभोर दिसो.

पुढचं चाक उचलून हँडल हळूच डावी-उजवीकडे फिरवा. मधोमध अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट गेला आहे. मागच्या स्प्रॉकेटवरून चेन बोटानं मागे ओढा. ती दात्यावरून बरीच उचलली गेली किंवा दाते आकड्यासारखे वाकलेले दिसले तर चेन सेट बदलावा लागणार. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्या बीएस-सहा आहेत, त्यांत बहुतेक फ्युएल इंजेक्शन आहे. तिथे चावी फिरवल्यावर इंजिनाचा पिवळा दिवा लागला पाहिजे आणि गाडी चालू झाल्यावर विझला पाहिजे. तो लागतच नसेल तर कुणीतरी तो मुद्दाम काढून ठेवलेला असू शकतो.

हे सगळं कागदावर लिहा. आपल्या विश्वासातल्या मिस्त्रीकडून प्रत्येक कामासमोर खर्च लिहून घ्या आणि बेरीज करा. राहिलेल्या सर्व्हिसचा बोजा तो हाच. मग बोलणी करताना ‘थोडं कमी करा ना’ असं मोघम म्हणण्याऐवजी तो कागद समोर ठेवा. ‘काका, टायर, चेन सेट आणि ब्रेक मिळून एवढं लागतंय.’ यात कुणाचा अपमान होत नाही आणि प्रामाणिक विकणाऱ्याला ते पटतं. बेरीज खूप झाली, किंवा इंजिन उघडावं लागणार असं दिसलं, तर हात जोडून परत या. बाजारात गाड्यांना तोटा नाही.

कागदांचं थोडक्यात सांगतो. चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून पाहा. एम-परिवहन ॲपवर विमा, कर्जाचा बोजा आणि थकलेली चलानं तपासा. नमुना २९ आणि ३० वर सह्या घेऊन तेवढ्यावर थांबू नका, गाडी आपल्या नावावर करून घ्या. कायद्यानं घेणाऱ्याला त्यासाठी ३० दिवसांची मुदत आहे. विकणाऱ्यालाही हे महत्त्वाचं आहे. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच मालक आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली स्पष्ट केलं आहे. विमाही लगेच नावावर करून घ्या.

आणि गाडी घरी आली की तिला फिरायला नेण्याआधी गॅरेजला न्या. ऑइल बदला, जाळी किंवा फिल्टर साफ करा, एअर फिल्टर आणि प्लग बदला, गार इंजिनावर टॅपेट सेट करून घ्या, ब्रेकचं ऑइल नवं घाला. ऑइल मोटरसायकलचंच घ्या. कारच्या काही ऑइलमुळे क्लच घसरतो. फार काळ दुर्लक्षित राहिलेल्या इंजिनात हे पहिलं ऑइल पाचशे ते हजार किलोमीटरवरच पुन्हा बदला, कारण नवं ऑइल आतला जुना गाळ सोडवून आपल्याबरोबर घेतं. त्यानंतर कंपनीच्या पुस्तिकेत दिलेलं अंतर पाळा.

शेवटची विनंती. एक साधी वही घ्या. त्यात तारीख, मीटरचा आकडा, काय बदललं आणि किती खर्च आला, एवढंच दर वेळी लिहा. पुढे कधी ही गाडी विकाल तेव्हा ती वही चावीबरोबर नव्या मालकाच्या हातात द्या. किंमत थोडी जास्त मिळेल, तो तुमचा फायदा. पण तुमच्या गाडीवर रोज कामाला जाणाऱ्या त्या अनोळखी माणसाला तिचा ब्रेक कधी तपासला होता हे ठाऊक असेल, आणि ते त्या फायद्याहून मोठं आहे.