दूरच्या फायली आणि घरची चिठ्ठी

वाण्याकडे गड्याला पाठवावयाचें असलें, म्हणजे जुन्या घरांतून त्याच्या हातीं चिठ्ठी देण्याची रीत होती. दुकानाच्या खेपा वाढूं नयेत, कांहीं विसरूं नये, आणि पुढच्या महिन्यांत तीच चिठ्ठी पुन्हां उपयोगीं पडावी, हा तिचा हेतु. आज मी ज्या विषयावर बोलणार आहें, त्याचें मूळ या चिठ्ठींतच आहे.

आपलीं छायाचित्रें, पुस्तकें, कागदपत्रें आतां दूर कोठेंतरी असलेल्या संगणकावर ठेविलेलीं असतात. अशा संगणकाला सर्व्हर म्हणतात, आणि त्यावरील फाईल आपल्या घरच्या संगणकावर आणणें म्हणजे डाउनलोड करणें. एक फाईल आणावयाची तर काम क्षणाचें. परंतु तीनशें आणावयाच्या असल्या, म्हणजे हात थकतो, डोळा चुकतो, एखादी राहून जाते आणि ती राहिली हें आपल्याला कळतहि नाहीं.

युनिक्स नांवाची संगणकप्रणाली १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत जन्मास आली. तींत आपल्या लेखी आज्ञा वाचून त्या संगणकाकडून करवून घेणारा जो दुभाषी असतो, त्याला शेल म्हणतात. आज पुष्कळ ठिकाणीं वापरांत असलेला बॅश हा शेल १९८९ सालचा. शेलला द्यावयाच्या आज्ञा एकाखालीं एक लिहून ठेविल्या, कीं झाली शेल स्क्रिप्ट. म्हणजे आपली चिठ्ठीच. ती घेऊन प्रत्यक्ष सर्व्हरपर्यंत जाणारे गडीहि तयार आहेत. डब्ल्यूगेट हा १९९६ सालचा, आणि स्वीडनमधील डॅनियल स्टेनबर्ग यांचा कर्ल १९९८ सालचा. एका यंत्रावरील फायली दुसऱ्यावर नेण्याचे नियम त्याच्याहि पूर्वीं, १९७१ सालीं, प्रथम लिहून काढणारे अभय भूषण हे कानपूरच्या आय. आय. टी.चे पदवीधर होते, हें आपणांस ऐकून आनंद वाटेल.

आतां माझ्या फजितीची गोष्ट सांगतों. माझे वडील शाळामास्तर. त्यांनीं उतारवयांत एका वहींत आपल्या आठवणी लिहिल्या होत्या, पानें ३४०. ती वही पुढें एका पावसाळ्यांत ओल लागून वाळवीच्या तोंडीं पडली. सुदैवानें पुतण्यानें प्रत्येक पानाचें छायाचित्र आधींच घेऊन तें भाड्याच्या एका सर्व्हरवर ठेविलें होतें. कांहीं वर्षांनीं तो सर्व्हर महिनाअखेर बंद होणार, अशी सूचना आली.

मीं चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली. १ पासून ३४० पर्यंत एकेक आंकडा घ्यावा. त्या आंकड्यावरून पानाचा पत्ता तयार करावा. कर्लकडून तें पान आणवावें. मग पुढचा आंकडा घ्यावा. रात्रीं जेवण आटोपून ती सुरू केली. सकाळीं मोजलें, तों फायली बरोबर ३४०. शेवटचें पान उघडलें. वडिलांचें वळणदार अक्षर दिसलें आणि मी निश्चिंत झालों.

बारा दिवसांनीं बहिणीनें पहिलें पान वाचावयास मागितलें. तें उघडेना. दुसरें उघडेना. नव्याण्णवपर्यंत एकहि उघडेना. शंभरावें मात्र स्वच्छ उघडलें. पुतण्यानें पहिल्या पानाला ००१ असें नांव दिलें होतें, आणि माझी चिठ्ठी नुसता १ मागत होती. त्या नांवाचें पान येथें नाहीं, असें उत्तर सर्व्हरनें पाठविलें, आणि कर्लनें तें उत्तरच वडिलांच्या पानाच्या जागीं जपून ठेविलें. वाण्यानें 'साखर संपली' असें लिहून दिलें, आणि गड्यानें तो कागद साखरेच्या डब्यांत घालून वर झांकण लाविलें! गड्याचा दोष नव्हता. नकार मिळाल्यास काय करावें, हें मीं त्याला सांगितलेंच नव्हतें. सर्व्हर बंद होण्यास तीन दिवस उरले होते, म्हणूनच तीं ९९ पानें हातीं लागलीं.

तेव्हांपासून माझ्या प्रत्येक चिठ्ठींत कांहीं ओळी अधिक असतात. कर्लला 'फेल' ही सूचना दिली, म्हणजे तो सर्व्हरचा नकार फाईल म्हणून ठेवीत नाहीं. प्रत्येक आज्ञा संपतांना शेलला एक आंकडा कळविते. शून्य म्हणजे यश, दुसरें कांहीं आलें तर अपयश. हा आंकडा तपासून, न आलेल्या पानांचीं नांवें वेगळ्या यादींत लिहावीं, असें मी स्क्रिप्टला बजावतों. अर्धवट आलेली फाईल जेथें थांबली तेथून पुढें आणण्याची सोयहि असते. मात्र सर्व्हरनें ती मान्य केली पाहिजे. दोन फायलींच्या मध्यें एक-दोन सेकंदांचा विसावा ठेवितों. दुसऱ्याच्या दारीं जातांना धक्काबुक्की करूं नये. आणि पासवर्ड चिठ्ठींत कधींहि लिहीत नाहीं, कारण चिठ्ठी कोणाच्याहि हातीं पडूं शकते.

राहतां राहिली पडताळणी. शा-२५६ या पद्धतीनें कोणत्याहि फायलीची ६४ चिन्हांची खूण काढतां येते. फायलींत एक अक्षर बदललें तरी खूण बदलते. मूळ फायलीची खूण आणि आलेल्या फायलीची खूण जुळली, तरच नक्कल खरी समजावी. नुसती संख्या मोजून मी फसलों, तसें आपण फसूं नये.

श्रोतेहो, चिठ्ठी लिहिल्यानें हाताचे श्रम वांचतात, हें खरें. पण काय हवें आणि तें न मिळालें तर काय करावें, याचा विचार लिहिणारालाच आधीं करावा लागतो. आपल्याहि घरचे कांहीं जुने कागद असे दूरच्या सर्व्हरवर असतील. सवडीनें ते घरीं आणावे; आणि आणल्यावर शेवटचें पान पाहून थांबूं नये, पहिलेंहि उघडावें. माझ्या बहिणीनें तें उघडलें नसतें, तर वडिलांच्या बालपणाचीं पानें आम्हांला कायमचीं मुकलीं असतीं.