रद्दीच्या काट्यावर इंद्रजाल

आज कर्जाचे हप्ते नाहीत, पापड-मसाल्याची विक्रीही नाही. आज मी कॉमिक्सबद्दल बोलणार आहे. हो, तीच चित्रांची पुस्तकं, जी आपली भावंडं अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचायची. बचत गटाच्या बाईला हा विषय कुठून सुचला, असं वाटेल तुम्हाला. सांगते.

लालबाग, परळ, गिरगाव, कुठेही बघा, चाळी पुनर्विकासाला चालल्यात. नोटीस आली की खोली रिकामी करायची, दोन-तीन वर्षं भाड्याच्या जागेत काढायची. मग पोटमाळा उतरतो. तांब्याचा बंब निघतो, पितळी परात निघते, आणि त्यांचा मोडीचा भाव आपल्याला तोंडपाठ असतो. परातीला आपण कोणाला फसवू देत नाही. पण त्याच माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक निघते, तिच्यात वेताळ, मॅण्ड्रेक, अमर चित्रकथा, चांदोबा, किशोर. आणि ती ट्रंक सरळ रद्दीच्या काट्यावर जाते. समजा, रद्दी पंधरा रुपये किलो. बत्तीस पानी अंक एका किलोत पंधरा-सोळा तरी बसतात. म्हणजे अंकामागे एक रुपया. आमच्या गटांच्या बैठकीत गेल्या दोन वर्षांत चार जणींनी विचारलं, "ताई, ह्याला खरंच काही किंमत असते का हो?"

उत्तर आहे: काहींना असते, बहुतेकांना नसते. कोणत्या अंकाला किती, हे शोधायची एक रीत आहे.

अमेरिकेत ह्या कामासाठी भावपुस्तकं निघतात, त्यांना प्राइस गाइड म्हणतात. सगळ्यात प्रसिद्ध ओव्हरस्ट्रीट यांचं, पहिल्यांदा १९७० साली निघालं. जाडजूड ग्रंथ. त्यात प्रत्येक मालिकेचा प्रत्येक क्रमांक, आणि त्याच्यासमोर सहा रकाने. पुस्तक एकच, पण भाव सहा, कारण अवस्था सहा. दहापैकी गुण धरतात. दोन गुणांचा अंक म्हणजे जीर्ण पण पूर्ण, चार, सहा, आठ, नऊ असं चढत चढत शेवटचा रकाना नऊ पूर्णांक दोनचा, म्हणजे जवळजवळ दुकानातून आत्ता आणल्यासारखा. पहिल्या आणि शेवटच्या रकान्यातल्या भावात अनेकपटींचा फरक असू शकतो.

हे आपल्याला अवघड नाही. मे महिन्यात लालबागच्या मिरची गल्लीत आपण काय करतो? बेडगी म्हटलं की भाव ठरला असं थोडंच असतं! मूठभर हातात घेऊन बघतो, देठ आहेत का, रंग उतरलाय का, दमट आहे का, तळाशी बी सांडलंय का. बेडगी, संकेश्वरी, लवंगी हे झालं नाव. हातात घेऊन जे बघतो, ती झाली अवस्था. कॉमिक्सचं भावपुस्तक नेमकं ह्याच दोन गोष्टी विचारतं.

आणि एक तिसरी गोष्ट, जी लोक विसरतात. भावपुस्तकातला आकडा हा दुकानदार गिऱ्हाइकाला ज्या भावाने विकेल तो आहे. तुमच्याकडून तो घेईल त्याचा नाही. सोन्याचं बघा. पेपरात दहा ग्रॅमचा भाव येतो, पण आपण बांगडी मोडायला गेलो की सराफ घट धरतो आणि मजुरी तर आपल्याला परत मिळतच नाही. पुस्तकाच्या व्यापाऱ्यालाही जागेचं भाडं असतं, माल वर्षभर पडून राहतो. त्याने छापील भावाच्या निम्मे किंवा त्याहून कमी सांगितले तर लगेच त्याला चोर म्हणू नका. पण त्याने भाव सांगायच्या आधी तुमच्याजवळ तुमचा आकडा असायला हवा.

अमेरिकेत इतके भाव कशामुळे, असं विचारलं एकीने. सुपरमॅन ज्या अंकात पहिल्यांदा आला तो १९३८ सालचा अंक, किंमत दहा सेंट. त्याची एक प्रत २०२४ मध्ये साठ लाख डॉलरला गेली, म्हणजे आपले जवळपास पन्नास कोटी. कारण त्या काळी मुलांनी वाचून फेकून दिले. वर दुसऱ्या महायुद्धात कागद गोळा करायची मोहीम निघाली, त्यात गठ्ठेच्या गठ्ठे लगद्यात गेले. जे रद्दीत गेले नाहीत ते महाग झाले. मात्र हा आकडा ऐकून आपली ट्रंक उघडू नका. तो अंक वेगळा, ते गिऱ्हाईक वेगळं.

आता आपल्याकडचं. मराठी कॉमिक्सचं असं दरवर्षी निघणारं, सगळ्यांनी मानलेलं भावपुस्तक बाजारात नाही. म्हणून अमेरिकन पुस्तकाचे आकडे आपल्या कामाचे नाहीत, पण त्याची रीत कामाची आहे. नाव, क्रमांक, आवृत्ती, अवस्था, ह्या क्रमाने जायचं.

इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी १९६४ च्या मार्चमध्ये सुरू केलं, ते १९९० पर्यंत चाललं. इंग्रजी, हिंदी, मराठी आणि इतरही भाषांत. ली फॉकचा फॅन्टम मराठीत वेताळ झाला. सुरुवातीचे अंक वेताळाचेच होते, मॅण्ड्रेक वगैरे मंडळी मागून आली. आबिद सुरतींचा बहादूर १९७६ चा. साहजिकच साठच्या दशकातले अंक दुर्मिळ, आणि ऐंशीच्या दशकातले भरपूर, कारण तेव्हा ते दर आठवड्याला निघत होते. आधी अंकांना सरळ ओळीने क्रमांक होते, पुढे ऐंशीच्या दशकात खंड आणि अंक अशी दुहेरी संख्या आली. तेव्हा 'खंड वीस, अंक एक' बघून 'अरे, पहिला अंक मिळाला' असं नाचू नका. आणि क्रमांक वाचता येत नसेल तर छापील किंमत बघा, मागच्या पानावरच्या जाहिराती बघा, साल पकडता येतं.

अमर चित्रकथेत तर आवृत्तीच सगळं ठरवते. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेली ही मालिका. तिचे पहिले दहा क्रमांक परदेशी परीकथांचे होते, 'कृष्ण' आला अकराव्या क्रमांकावर, चित्रं राम वाईरकरांची. पण 'कृष्ण' आजही दुकानात नवा मिळतो! तीच चित्रं, तीच गोष्ट. मग जुना कोणता आणि नवा कोणता? नंतरच्या पुनर्मुद्रणांना पाचशे एकपासून नवे क्रमांक दिलेत. क्रमांक पाचशेच्या पुढचा असेल तर ती वाचायची प्रत, जमवायची नाही. पहिल्या क्रमांकमालिकेतला असला तरी तो कितव्यांदा छापलाय ते किमतीवरून बघायचं. एकच पुस्तक दीड-दोन रुपयांचंही असतं आणि बऱ्याच जास्त किमतीचंही. स्वस्त छापील किंमत म्हणजे आधीची छपाई.

चांदोबा मराठीत १९५२ पासून, मद्रासहून यायचा. किशोर बालभारतीचा, १९७१ पासून. किशोरचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. म्हणून ज्याला फक्त वाचायचंय तो पैसे देणार नाही, ज्याला कागद हातात हवाय तोच देईल. जाता जाता, त्याच ट्रंकेत जुना 'आवाज' दिवाळी अंक निघाला तर त्याच्या खिडक्या शाबूत आहेत का बघा. एक जरी खिडकी फाटली असेल तर मजा गेली आणि भावही गेला.

आता अवस्था, कारण आपल्याकडे घोडं इथेच अडतं. मुंबईची हवा दमट. पिना गंजतात आणि गंजाचा डाग चार-चार पानं आत उतरतो. कसर लागते. मग माणसांची करामत: मुखपृष्ठावर बॉलपेनने नाव, इयत्ता, तुकडी. कोडं सोडवलेलं, कूपन कात्रीने कापलेलं. कूपन कापलेला अंक अपूर्ण समजतात, बाकी कितीही कोरा असो. गिरणगावात पोरं कॉमिक्स विकत कमी घ्यायची, गल्लीतल्या वाचनालयातून भाड्याने जास्त आणायची. ती वाचनालयं बंद पडली तेव्हा अंक घराघरांत पांगले. अशा अंकांवर शिक्का असतो आणि टिकाव धरावा म्हणून पाठीला सुतळीची शिवण घातलेली असते. त्यांचे गुण कमी. आणि सर्वांत वाईट वाटतं ते बाइंडिंगचं. वडिलांनी हौसेने वर्षाचे अंक एकत्र बांधून घेतले, बाइंडरने तिन्ही बाजूंनी कडा कापल्या. घरच्यांसाठी तो ठेवा आहे, संग्राहकासाठी मात्र कापलेला अंक. माझ्या मते असा खंड विकूच नये. जे मिळेल त्यात त्या हौसेचं मोल येत नाही.

परळच्या आमच्या एका ताईंचं सांगते, नाव नको. चाळ खाली करायची होती, नव्या जागेची अनामत भरायची होती, पैशांची ओढ होती. दिराची ट्रंक निघाली, साठ-सत्तर अंक. जुन्या पुस्तकांचा एक व्यापारी घरी आला, वरवर चाळलं आणि म्हणाला, "गठ्ठ्याने देऊन टाका, एकेक बघत बसलो तर दिवस जाईल." ताईंनी दोन दिवस मागून घेतले. गटातल्या तिघी बसल्या आणि वहीत यादी केली. बहुतेक अंक ऐंशीच्या दशकातले, दहा-बारांना मुखपृष्ठच नाही. पण तळाशी नऊ अंक साठच्या दशकातले. व्यापाऱ्याला गठ्ठा हवा होता तो त्या नऊसाठी. यादी समोर ठेवली तेव्हा तोच माणूस एकेक बघायला तयार झाला.

पण त्याआधी एक काम झालं, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ताईंनी बदलापूरला दिरांना फोन केला. "भाऊजी, तुमची ट्रंक निघालीय, विकायचा विचार आहे." पलीकडे दोन मिनिटं शांतता. मग ते म्हणाले, "वहिनी, नऊतले दोन मला ठेवा, बाकी तुमच्या अनामतीला लावा." ते दोन नेमके सर्वांत जास्त भावाचे होते! ताई हसल्या आणि ठेवले. उरलेल्या सात अंकांचे पैसे सबंध गठ्ठ्याच्या पहिल्या बोलीच्या दुपटीहून अधिक आले. अनामत त्यातून भरली गेली नाही, एवढे पैसे कुठून येणार. पण सामान हलवायच्या टेम्पोचा खर्च निघाला आणि दीर-भावजयीत कडवटपणा आला नाही. घर मोडताना वस्तूंवरून किती नाती मोडतात, हे आपण बघतो. ट्रंक तुमच्या माळ्यावर होती म्हणून ती तुमची झाली, असं नसतं.

मग आपलं भावपुस्तक कसं करायचं? गटाची हिशोबवही लिहिणारीला हे सहज जमेल. रकाने पाडा: नाव, भाषा, क्रमांक, छापील किंमत, अवस्था, कोणी किती मागितले, किती मिळाले, तारीख. 'मागितले' आणि 'मिळाले' हे दोन रकाने कधीही एकत्र करू नका. विक्रीच्या साइटवर कोणी एका अंकाला दहा हजार लिहून ठेवले असतील, पण तो अंक वर्षभर तिथेच लटकलेला असेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. जे विकलं गेलं तेवढंच लिहा. माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळच्या पदपथावर, हुतात्मा चौकात, जुनी पुस्तकं विकणारे बसतात. तिथे विकायला जायच्या आधी एकदा गिऱ्हाईक म्हणून जा. 'इंद्रजाल मराठी आहे का, कितीला?' एवढं विचारा आणि घरी येऊन वहीत 'मागितले'मध्ये लिहा. आणि एकाच अंकाच्या तीन नोंदी झाल्याशिवाय भाव ठरला असं समजू नका. आपल्या वहीत आत्ता फार थोड्या नोंदी आहेत, म्हणून ती सगळ्या गटांनी मिळून भरायची आहे.

फसवणूकही होते. हरवलेल्या मुखपृष्ठाच्या जागी रंगीत झेरॉक्स लावतात. बोट फिरवा, बाहेरचा कागद आणि आतला कागद एकाच वयाचे वाटले पाहिजेत. जुन्या अंकाला नवीकोरी चकचकीत पीन असेल तर विचारा, का बदलली?

आणि विकायचं नक्की होईपर्यंत अंकांना काही करू नका. सेलोटेप लावू नका, ती पिवळी पडते आणि कागद घेऊन निघते. लॅमिनेशन तर मुळीच नाही. गंजलेली पीन उपसू नका. उन्हात वाळत घालू नका, रंग उडतो. कोरड्या कापडाने पुसा, आडवे रचा, दहा-दहाच्या थरात, आणि ट्रंक जमिनीपासून विटेवर उचलून ठेवा. परळच्या तळमजल्यावर राहणाऱ्यांना पावसाळ्यात विटेचं कारण सांगायला नको.

ज्यांच्याकडे माळा उतरवायचा आहे त्यांनी पुढच्या शनिवारच्या बैठकीला फक्त यादी आणा, अंक घरीच राहू देत. रकाने कसे पाडायचे ते फळ्यावर दाखवीन. रद्दीवाल्या दादांना तेवढं रविवारनंतर बोलवा.