बाळाची रोजची गोळी

मी घणसोली गावातून बोलतेय, आपल्या बचत गटाची समन्वयक.

मागच्या बैठकीला एक ताई तीन महिन्यांचं बाळ घेऊन आली. बाळ गुटगुटीत, हसरं. ताई म्हणाली, "याला थायरॉईडची गोळी चालू आहे. पण सासूबाई म्हणतात, एवढं चांगलं बाळ, औषध कशाला? बंद कर." मी म्हटलं, "त्यांना सांग, बाळ चांगलं आहे ते या गोळीमुळेच."

काही बाळांची गळ्यातली थायरॉईड ग्रंथी जन्मापासूनच नसते किंवा नीट काम करत नाही. आपल्या देशात साधारण हजारात एका बाळाला हा आजार असतो. जन्मतः बहुतेक बाळं ठणठणीत दिसतात. पुढे कावीळ लांबते, बाळ सुस्त राहतं, शी साफ होत नाही, रडणं घोगरं होतं. तोवर मेंदूचं नुकसान सुरू झालेलं असू शकतं. म्हणून जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन तपासतात. आपल्या बाळाची ही तपासणी झाली का, हे दवाखान्यात विचारा. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली, तर बहुतेक मुलं इतरांसारखीच वाढतात, शिकतात.

गोळी रोज ठरलेल्या वेळी द्या. दोन चमच्यांमध्ये बारीक करा, थोड्याशा आईच्या दुधात किंवा उकळून गार केलेल्या पाण्यात कालवा आणि लगेच पाजा. दुधाच्या बाटलीत घालू नका. बाळाने दूध टाकलं तर औषधही वाया जातं. लोह किंवा कॅल्शियमचं औषध चालू असेल तर मध्ये चार तास जाऊ द्या. बाळगुटी देत असाल तर डॉक्टरांना सांगा. गोळ्या उन्हापासून, ओलाव्यापासून दूर ठेवा. नवीन डबी घेताना तिच्यावरचा मायक्रोग्रॅमचा आकडा चिठ्ठीशी ताडून पाहा.

एखाद्या दिवशी सकाळी विसरलात, तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा द्या. दुसऱ्या दिवशी मनाने दुप्पट देऊ नका.

बाळाचं वजन वाढतं, तसा डोसही बदलतो. म्हणून पहिल्या वर्षात दर एक-दोन किंवा दोन-तीन महिन्यांनी, डॉक्टर सांगतील तेव्हा, रक्त तपासायला न्या. बाळ फार चिडचिडं झालं, खूप घाम येतोय, जुलाब होतायत, तर तारखेची वाट पाहू नका.

पहिली तीन वर्षं मेंदू घडण्याची. तोवर गोळीत खंड नको. काही मुलांची गोळी पुढे बंद होते, पण ते तपासून डॉक्टरच ठरवतात.

त्या ताईच्या सासूबाई पुढच्या तपासणीला स्वतः बाळाला घेऊन जाणार आहेत. तुमच्याही घरच्या आजींना सोबत न्या.