बुरांशाचें वर्ष

फाल्गुन अर्धा उलटला, कीं महाराष्ट्रांतील माळरानांवर पळस पेटतो. त्याच सुमारास कुमाऊं-गढवालच्या डोंगरांत बुरांश फुलतो. दोघेही दुरून वणव्यासारखे दिसतात. पण दोघांची रीत निराळी. पळस अंगावरचीं पानें टाकून मग फुलतो. बुरांश आपलीं हिरवीं पानें तशींच वागवीत त्यांच्यामधून फुलतो. बुरांश म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनच्या हजारांवर जातींपैकीं एक. या ग्रीक नांवाचा अर्थ ‘गुलाबाचें झाड’ असा आहे. गुलाबाशीं मात्र त्याचें कुळाचें नातें नाहीं. नेपाळांत त्यास लालीगुरांस म्हणतात, व तें त्या देशाचें राष्ट्रीय फूल आहे. उत्तराखंडानें त्यास राज्यवृक्षाचा मान दिला आहे.

हा वृक्ष साधारणतः ५,००० ते ११,००० फूट उंचीवर, बांज नांवाच्या ओक वृक्षांच्या सोबतीनें वाढतो. त्याचें पान चामड्यासारखें जाड, वरून गर्द हिरवें आणि खालून रुपेरी अगर तांबूस लवेनें झांकलेलें असतें. हिंवाळ्यांत जमीन गोठली, कीं मुळांस पाणी मिळत नाहीं. अशा वेळीं ही लव पानांतील ओलावा राखण्यास साह्य करते. ऱ्होडोडेंड्रॉनच्या अनेक जातींचीं पानें कडक थंडींत खालीं लोंबतात आणि विडीप्रमाणें गुंडाळलीं जातात. नवख्या माणसास झाड मेलें असें वाटतें. पण हवेंत ऊब आली, कीं तींच पानें पुन्हां उलगडतात. गोठलेल्या पानास प्रखर उजेडाची इजा होऊं नये, म्हणून ही योजना असावी, असें अभ्यासकांचें मत आहे.

बहर ओसरल्यावर फांद्यांस नवे धुमारे फुटतात, आणि पावसाळ्यांत व त्यानंतर त्यांच्या टोकांशीं पुढील वर्षाची कळी बांधली जाते. म्हणजे वसंतांतील फुलाचा निर्णय कित्येक महिने अगोदरच झालेला असतो. म्हणून छाटणी करावयाची ती बहर संपतांच करावी. उशिरां कात्री चालविणारा माळी पुढच्या वर्षाचींच फुलें कापून टाकतो. सुकलेले गुच्छही हलक्या हातानें खुडावेत, म्हणजे झाडाची शक्ति बीज धरण्यांत खर्च होत नाहीं.

या झाडाचीं मुळें केंसांसारखीं बारीक असून जमिनीच्या अगदीं वरच्या थरांत पसरतात. त्यांस आंबट, भुसभुशीत, कुजलेल्या पानांची माती लागते. रोप खोल पुरूं नये. बुंध्याशीं खुरपें चालवूं नये. वर पालापाचोळ्याचें आच्छादन मात्र ठेवावें. चुन्याशीं त्याचें हाडवैर आहे. चुनखडीच्या मातींत पानें शिरांमधून पिवळीं पडतात आणि झाड खंगत जातें. दार्जिलिंगहून हौसेनें आणलेलें रोप पुण्यास टिकत नाहीं, याचें कारण केवळ उन्हाळा नव्हे; दख्खनच्या काळ्या मातींतील चुनाही त्यास मानवत नाहीं. दक्षिणेकडे जाण्यास मात्र या वृक्षाची हरकत नाहीं: निलगिरीच्या उंच, थंड पठारावर त्याचाच एक प्रकार रानांत आढळतो.

जोसेफ हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञानें १८४८ ते १८५० या काळांत सिक्कीमच्या डोंगरांतून ऱ्होडोडेंड्रॉनच्या अनेक नव्या जाती जगापुढें आणल्या. बुरांश त्यापूर्वींच इंग्लंडांत पोंचला होता. परंतु तेथें तो वसंताच्या आरंभींच फुले, आणि मागाहून पडणारें हिंव त्याचीं फुलें जाळून टाकी. म्हणून हायक्लेअर येथील माळ्यांनीं त्याचा अमेरिकन वंशाच्या, उशिरां फुलणाऱ्या झाडाशीं संकर केला. कळी मिटलेली असते तोंवर ती थंडी सोसते. उमललेल्या फुलास ती सोसवत नाहीं, हा धडा त्यांस असा मिळाला.

आज तोच धडा हिमालयास गिरवावा लागत आहे. गेल्या कांहीं दशकांत हिंवाळे सौम्य होऊं लागले, आणि बुरांश जानेवारींतच फुलल्याच्या वार्ता वारंवार येऊं लागल्या. चैत्राच्या संक्रांतीस गढवाल-कुमाऊंचीं मुलें फूलदेई या सणासाठीं पहांटे रानांतून फुलें वेंचतात, आणि घराघरांच्या उंबऱ्यांवर वाहतात. त्या परडींत बुरांशाचा मान मोठा. त्याच फुलांचें सरबत विकून डोंगरांतील कित्येक कुटुंबें चार पैसे मिळवितात. मधुपान करणाऱ्या पक्ष्यांसही हा बहर मोठा आधार. फूल जानेवारींत उमलून गेलें, तर मार्चमध्यें मुलांच्या परडींत काय पडेल, आणि पक्षी कोठें चोंच बुडवितील?

झाड आपल्या बाजूनें चुकत नाहीं. ऊब आली कीं उमलावें, हा त्याचा वंशपरंपरेचा नेम. अडचण एवढीच, कीं ऊब आतां वेळेवर येत नाहीं.