दापोलीचे विद्यापीठ मुलांना दाखविताना

(शिक्षक व पंचायत सदस्यांच्या शिबिरातील भाषण)



शाळेची सहल दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात आली की मुलांना बहुधा प्रथम इमारतीसमोर उभे केले जाते. १८ मे १९७२ ही स्थापनेची तारीख सांगितली जाते, मुले ती वहीत उतरवितात, आणि इतिहास संपतो. अशाच एका सहलीसाठी माहितीपत्रक मी लिहिले होते. सातवीतल्या एका मुलीने ते वाचले आणि विचारले, “यात झाडं कुठं आहेत?” पत्रकात सन होते, विभाग होते, झाड एकही नव्हते. कला शाखेचा पदवीधर शेतीवर लिहू लागला की असे होते.

मग आम्ही ‘रत्ना’ आंब्याच्या झाडाखाली बसलो. हापूस वर्षाआड फळतो आणि वरून निर्दोष दिसणाऱ्या फळात साका निघतो, हे बागायतदारांच्या मुलांना सांगावे लागत नाही. त्यावरची घरातली हळहळ त्यांनी ऐकलेली असते. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात, दरवर्षी फळणाऱ्या दक्षिणेकडील नीलमचा हापूसशी संकर करण्यात आला. मोहोराच्या एका तुऱ्यात शेकडो फुले. त्यांतून फळे टिकतात ती बोटांवर मोजण्याइतकी. त्या फळांच्या कोयी रुजवायच्या, रोपे वाढवायची आणि फळ धरेपर्यंत वर्षानुवर्षे थांबायचे. १९८१ साली प्रसारित झालेल्या रत्नामध्ये साका होत नाही. पुढे रत्ना व हापूस यांच्या संकरातून १९९२ साली ‘सिंधू’ आला. त्याची कोय इतकी पातळ, की मुलांना ती खरी वाटत नाही.

वेंगुर्ल्याचे केंद्र १९५७ चे, दापोलीचे कृषी महाविद्यालय १९६५ चे. कर्जतचे भात संशोधन केंद्र तर १९१९ चे. विद्यापीठ त्यानंतरचे. आधीपासून चाललेली कामे त्याच्या छत्राखाली आली, एवढे सांगितले तरी मुलांना पुरते. त्यांच्या घरची बागही आजोबांनी लावलेली असते.

एक अप्रिय गोष्ट बोलतो. “अभ्यास केला नाहीस तर शेती करावी लागेल,” असा धाक आपणच वर्गात घालतो. त्याच मुलांना वर्षातून एकदा कृषी विद्यापीठ दाखवून काय साधणार?

म्हणून विनंती एवढीच, की सहल शाळा सुरू झाल्यावर, पावसाच्या तोंडी काढावी. त्या दिवसांत रुजलेल्या कोयीच्या कोवळ्या रोपावर काडी बांधून कोय कलमे करतात. प्रत्येक मुलाला एक कलम स्वतःच्या हाताने बांधू द्यावे. पंचायतींनी शाळेच्या कुंपणाआत चार कलमांना पुरेल इतक्या पाण्याची सोय करावी.

त्या मुलीनेही कलम बांधले. आंबा कधी येईल, असे तिने विचारले. पाचेक वर्षांनी, असे माळीदादांनी सांगितले. तिने बोटांवर मोजले आणि म्हणाली, “म्हणजे मी बारावीत असेन.”