कण्हाचा शिष्य बलक

गेल्या रविवारी कर्जतहून रिक्षाने कोंदिवडे आणि तिथून पुढे जंगलातून चालत कोंढाणे लेणी. राजमाचीच्या पायथ्याशी दोन हजार वर्षांपूर्वीचं बौद्ध चैत्यगृह आहे हे. कमानी, कठडे, सगळं लाकडी कामासारखं दिसतं, पण कोरलंय दगडात. आतले बरेचसे खांब पडलेत. पावसाळ्यात वरून धबधबा कोसळतो. रील्स बहुतेक त्याच्याच असतात.

मी मात्र दर्शनी भागात डावीकडेच अडकलो. तिथे एका मोठ्या मूर्तीचं फक्त डोकं उरलंय. चेहरा गेलाय, शिरोभूषणाची नक्षी मात्र अजून दिसते. बाजूला ब्राह्मीत एकच ओळ: कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं.

बघा ना, सही करतानाही गुरूचं नाव आधी!

मागच्या महिन्यात आमचं ॲप लाइव्ह गेलं. सगळ्यांना मेल मी केला, त्यात नाव फक्त माझं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसून मला शिकवणारी सीनियर नुसती सीसीत होती. तिने 'अभिनंदन' एवढंच लिहिलं.

लेण्यापाशी रेंज नव्हती. कर्जत स्टेशनवर पोचल्या पोचल्या तिला फोन लावला.

"रविवारी? सर्व्हर पडला का रे?"

म्हटलं, नाही. जरा वेगळं बोलायचंय.